साक्षीदार एकटी असावी

लॅपटॉपचा कॅमेरा विजयाआत्याला मधोमध घेईना. समोर बसलेल्याचा चेहरा तो आपणहून मधे आणायचा. आज मात्र आत्या पडद्याच्या एका कडेला सरकली होती आणि तिच्या खांद्यामागे जागा उरली होती, कुणी उभं राहावं एवढी.

स्वरदानं खुर्ची हलवली. चित्रही हललं. जागा तशीच राहिली.

"राहू दे गं," आत्या म्हणाली. "कुकरच्या शिट्टीला दचकणारी पोरगी, म्हणे मला धीर देणार."

इंदिरा नगरातलं ते घर भर दुपारी दाट धुक्यानं काळवंडलं होतं. दिवा लावूनही कोपरे अंधारेच होते.

चाळीस वर्षांपूर्वी परदेशातल्या एका विमानतळावर दोघा बंदूकधाऱ्यांनी प्रवाशांच्या रांगेवर गोळ्या झाडल्या. त्या रांगेत आत्या होती आणि तिचे यजमान, निरंजनकाका. एकटी आत्या परतली. घरात ती सगळ्यांची ताई नाहीतर आत्या. 'विजू' म्हणणारे एक काकाच होते. मारेकऱ्यांपैकी एक आता सापडला होता, म्हातारा होऊन. दुसरा कधी सापडलाच नाही. पकडलेल्याला ओळखू शकेल अशी आत्याच तेवढी उरली होती, आणि आज तिकडचं कोर्ट व्हिडिओवरून तिची साक्ष घेणार होतं. आज ती झाली नाही, तर तो म्हातारा सुटणार होता.

पडद्यावर दुभाषीबाई आल्या. "नमस्ते विजयाजी. नियम तो पता है ना, गवाह कमरे में अकेली होनी चाहिए. नहीं तो बयान खारिज."

"हाँ जी. ये बच्ची अभी बाहर जा रही है."

"अच्छा. और पीछे जो साहब खड़े हैं, वो भी."

स्वरदानं वळून पाहिलं. आत्याच्या मागे नुसती भिंत होती.

आत्या मात्र घाबरली नाही. तिचा चेहरा हळूहळू मऊ होत गेला. "तेच असणार," ती पुटपुटली. "एवढं ऐकल्याशिवाय कसे जातील…" मग मान किंचित मागे वळवून, रोजच्या आवाजात, "अहो, जरा बाहेर बसता का? स्वरदा आहे सोबतीला."

क्षणभर काही झालं नाही. मग स्वरदाच्या दंडाला घासून थंड हवा दाराकडे गेली. तिला वास आला, फटाके विझल्यावर येतो तसा.

"शुक्रिया," दुभाषीबाई म्हणाल्या. "अब ठीक है."

स्वरदा बाहेर आली. दार लावून घेतलं. पॅसेजमध्ये तो वास तिच्या आधीच येऊन थांबला होता.

तिनं बाबांना फोन लावला. ते बख्शी का तालाबच्या हवाई तळावर, एअरफोर्सच्या ड्यूटीवर. रिंग वाजून वाजून बंद झाली. तिनं पुन्हा लावला. पाठ भिंतीला टेकवली, आणि लगेच भिंतीपासूनही बाजूला झाली.

दाराआडून आत्याचा आवाज येत होता, संथ, न अडखळता. "हाँ, यही था. ये सामने से आया… नहीं, दूसरे का चेहरा मैंने नहीं देखा. वो मेरे पीछे खड़ा था."

पॅसेजच्या अंधाऱ्या टोकाला फरशीवर बूट घासल्यासारखं वाजलं. एकदा. मग थोडं जवळ.

"उचला ना, बाबा… प्लीज…"

फोन उचलला गेला. पण पलीकडे बाबा नव्हते. मोठ्या दालनातला घुमणारा गलबला, टिंग टाँग, कुठल्याशा परक्या भाषेतली घोषणा. आणि एका तरुण माणसाचा दमलेला आवाज.

"विजूचं सांगून झालं का?"

स्वरदानं फोन कानाशी घट्ट धरला. "काका?… ती अजून बोलतेय. तुम्हाला… तुम्हाला तिनं आत्ताच बाहेर पाठवलं ना…"

पलीकडे घोषणा संपली. गलबलाही थांबला.

"मला?" तो आवाज म्हणाला. "मी तर अजून इथंच आहे, रांगेत… तिनं बाहेर कुणाला पाठवलं?"