राणीच्या पाटल्या आणि अवधूतची अंगठी

राणीसाहेबांच्या दुःखाची रांग दुसऱ्या मजल्यावर होती. तळमजल्यावर सरदाराच्या तलवारीतल्या भीतीची रांग होती, आणि केतकी पाटणकर चुकून तीतच पाऊण तास उभी राहिली होती. संग्रहालयाचा कारभार म्हणजे आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय. धड पाट्या नाहीत, लिफ्ट बंद, आणि अडुसष्टाव्या वर्षी तिचे गुडघे तिचं ऐकत नव्हते. आता पुढचं कुटुंब पाटल्यांपाशी फोटो काढत बसलं होतं.

“अहो, दुःख फोटोत येत नाही! सरका पुढे!” ती शेवटी ओरडली.

वेळंबी संस्थानच्या खजिन्याला गर्दी लोटली होती ती सोन्यासाठी नव्हेच. माणूस रागावला, भ्याला, रडला की त्याच्या घामातली रसायनं बदलतात आणि अंगावरच्या धातूवर त्यांचा अतिसूक्ष्म थर बसतो. या थराला शास्त्रज्ञ ‘स्पर्शलेख’ म्हणत. यंत्र तो वाचायचं आणि शेजारच्या काचेवर बोट टेकवणाऱ्याच्या मज्जातंतूंपर्यंत तीच भावना पोचवायचं.

केतकीने बोट टेकवलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या बाईचा हुंदका तिच्या घशात दाटला. अर्ध्या मिनिटाने घंटा वाजली आणि तो विरला. पण ती राणीसाठी आलीच नव्हती.

यंत्र बनवणाऱ्या डॉ. रुबीना इनामदार बाजूलाच बसल्या होत्या. केतकीने पर्समधून अंगठी काढून त्यांच्यापुढे धरली.

“माझ्या नवऱ्याची, अवधूतची. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. त्या सकाळी गीझरवाल्याला फोन करायला विसरला म्हणून मी त्याला नाही नाही ते बोलले. एक अक्षर न बोलता तो बाहेर पडला आणि बसस्टॉपवर कोसळला. तो माझ्यावर रागावून गेला का, तेवढंच सांगा.”

“आजी, हे प्रदर्शन आहे. इथे खासगी वस्तू नाही तपासत.”

“राणीला रडताना अख्ख्या गावाला दाखवता, ते खासगी नाही? दोन तास उभी आहे मी!”

डॉक्टरांनी एकदा मागच्या रांगेकडे पाहिलं. त्यांनी चिमट्याने अंगठी यंत्रात ठेवली. पडद्यावर रेघा उमटल्या.

“राग आहे,” त्या म्हणाल्या.

केतकीने अंगठी परत घ्यायला हात पुढे केला.

“त्यांचा नाही, तुमचा. तुम्ही आत्ता काचेवर बोट टेकवलंत, त्या ठशाशी जुळतोय. खाली काळजी आहे, तीही तुमचीच. ही अंगठी किती वेळा हातात घेता?”

“रोज. सकाळचा चहा झाला की. विचारते त्याला, रागावला होतास का रे?”

“नवा स्पर्श जुना थर पुसत जातो, आजी. त्यांचं यात आता काहीच उरलेलं नाही.”

“मग राणीचं कसं उरलं? दोनशे वर्षं?”

“ती गेल्यावर पाटल्या पेटीत पडून होत्या. त्यांना जवळ घेणारं कुणी नव्हतं.”

केतकीला डॉक्टरांचा राग आला, यंत्राचा आला, सगळ्यात जास्त स्वतःच्या हातांचा आला.

डॉक्टरांनी अंगठी चिमट्यानेच एका पारदर्शक पिशवीत घातली. “यापुढे हात लावू नका. निदान तुमचं तरी टिकेल.”

“कुणासाठी?” केतकीने विचारलं. घरी दुसरं कुणीच नव्हतं.

मागून कुणीतरी ओरडलं, “अहो आजी, आटपा की!”

तिने पिशवी फाडली आणि अंगठी मुठीत घट्ट धरली. जिना उतरताना ती सवयीने पुटपुटली, “रागावला होतास का रे?”