चुन्याची तहान

शेकोटीतलं लाकूड जरा पुढं सरकवा अन् गुमान बसा. बायनाअक्का आत झोपली का ते बघा आधी. तिच्यासमोर ही गोष्ट मी काढत न्हाई.

रायभान दाजी म्हंजी अक्काचे मालक, माझे मेहुणे. तुम्ही त्यांना आंधळेच पाहिले. पण एकेकाळी जाफराबादच्या पट्ट्यात त्यांच्यासारखा गाडीवान नव्हता. निजामाचं राज होतं, तिकडं दूर मोठी लढाई चालू होती, कंदिलाला रॉकेल मिळत नव्हतं. दाजी अंधारात बी गाडी बराबर चाकोरीत ठेवायचे. अशी नजर होती त्यांची.

ही फाल्गुनातल्या चतुर्दशीची रात. दुसऱ्या दिवशी होळी. जाफराबादेत काकासाहेबांची माडी उठत होती, तिच्या गिलाव्याला चुना पाहिजे होता. सणाच्या आधी माल पोचवून घरी यावं म्हणून दाजी दुपारीच गाडी जुंपून पूर्णेच्या काठच्या भट्टीवर गेल्ते.

भट्टी भुजंगरावाची. तिथल्या मातीत चुनखडी निघायची, पांढरे वेडेवाकडे खडे. बाया ते खणायच्या, धुवायच्या. मंग भट्टीत एक थर खडीचा, एक थर कोळशाचा, असं रचून खालून जाळ लावायचा. खडी भाजली की तिच्यातलं सगळं सत्त्व उडून जातं. दिसायला दगडच, पण हातात घेतला तर हलका. अन् पाणी लागलं की उकळतो. जुने गवंडी म्हणायचे, भाजलेला चुना म्हंजी निस्ती तहान. म्हणून चुन्याच्या गाडीत कुणी पाणी ठेवत न्हाई. दाजींचा पाण्याचा भोपळा गाडीच्या खाली टांगलेला असायचा.

दाजी पोचले तर भट्टीवर कुणी बोलंना. गोण्या भरून तोंडं बांधून ठेवलेल्या. एक बाई तेवढी राखेच्या ढिगापाशी बसून चाळणीनं राख चाळून राह्यली होती. जयवंताबाई. तिचा नवरा मच्छिंद्र भट्टीवर कामाला होता, दाजी त्याला ओळखायचे.

"काय हरवलं बाई?" दाजींनी विचारलं.

"मालकाचं हाड," ती म्हणली. "एखादं घावलं तरी पुरं. नदीत सोडायला."

मंग तिनं सांगितलं. रडली न्हाई, हात चाळतच होते. चार रोजांमागं मच्छिंद्र कोळसा पसरायला भट्टीच्या माथ्यावर चढल्ता. आतली खडी खाली बसून वर पोकळ झाल्ती, ते कुणाला दिसलं न्हाई. पाय टाकला अन् कमरेपर्यंत आत गेला. दोर टाकला, तो जळाला. पाणी द्या, पाणी द्या म्हणून ओरडत होता. चुना विझवायचा हौद तिथंच भरलेला. बाया घागरी घेऊन धावल्या, तर भुजंगराव आडवा झाला. म्हणला, पाण्यानं अख्खी भट्टी फुटंल, सगळा माल जाईल, अन् तो तर आता वाचत न्हाई.

"लई वेळ जिता होता का?" दाजींनी हळूच विचारलं.

"मी इथंच बसले होते," ती म्हणली. "शेवटी निस्तं घोटभर म्हणायचा. घोटभर."

"अन् ह्या गोण्या त्याच भट्टीच्या?"

तिनं चाळणी झटकली अन् दुसरी राख घेतली.

तेवढ्यात भुजंगराव आला. "जल्दी भरा रायभान. दव पडायच्या आत माल पोचला पाहिजे."

"मालक, ह्या चुन्यात…"

"जाळात गेलं ते सगळं चुनाच होतं," भुजंगराव म्हणला. "नेता का दुसरी गाडी बोलावू?"

दाजींनी गोण्या भरल्या. घरी लेकरं होती, सण होता. निघताना त्यांनी जयवंताबाईकडं पाहिलं न्हाई. हे त्यांनीच मला सांगितलं.

दिवस बुडाला तवा गाडी नदीच्या काठाकाठानं चालली होती. चांदणं पिठासारखं पडलेलं. लांब कुठंतरी पोरं होळीची लाकडं चोरून राह्यली होती, त्यांचं हसणं ऐकू यायचं. मंग ते बी थांबलं. एका बाजूला काळा कातळ उतरत पाण्यापर्यंत गेला होता. खाली पूर्णा खळखळत होती.

दाजींच्या पाठीला ऊब लागली.

त्यांना वाटलं, दिवसभर उन्हात तापलेल्या गोण्या. थोडं पुढं सरकून बसले. ऊब बी पुढं सरकली.

बैल थांबले.

दाजींनी चुचकारलं. शेपट्या पिरगाळल्या. बैल नदीकडं मान वळवून उभे. कान ताठ. अंगावरची कातडी थरथरत होती.

अन् मागून आवाज आला.

"पाणी…"

बसलेल्या घशाचा. कोरडा. दाजींना वाटलं, वाटेवर कुणी वाटसरू पडलाय. "कोण हाय?" म्हणले.

कुणी न्हाई. चांदण्यात वाट मोकळी पडलेली.

ते खाली उतरले. गाडीच्या मागं गेले.

गोण्या. निस्त्या गोण्या.

"दादा…"

मधल्या गोणीतून.

दाजी पळाले असते. पळायलाच पाहिजे होतं. पण मंग त्यानं तो शब्द काढला.

"घोटभर…"

दाजी मला म्हणायचे, मल्हारी, भ्या वाटलं न्हाई रे मला. लाज वाटली. येवढी माणसं होती तिथं, भरलेला हौद होता, अन् एका बी माणसानं त्याला घोट दिला न्हाई. मी तरी देतो. मेलेल्याच्या तोंडात पाणी घालतोच की आपण.

त्यांनी भोपळा सोडला. गोणीचं तोंड उकललं. वाकले.

अन् पाणी ओतलं.

आधी काईच झालं न्हाई. पाणी आत गेलं. मुरलं.

मंग कुणीतरी सुस्कारा टाकला. लांब. समाधानाचा.

मंग चुना उठला.

उकळत वर आला तो थेट तोंडावर. दोन्ही डोळ्यांत. दाजी खाली पडले. ओरडले असतील, पण ऐकायला कुणी नव्हतं. डोळ्यांत जाळ. दिसंना. पण पूर्णा ऐकू येत होती. समोरच. डोळे धुतले तर वाचतील, येवढं त्यांना कळत होतं.

ते हातापायावर सरपटत निघाले.

पाणी समोर खळखळत होतं. गेले. हाताला कातळ लागला.

आता आवाज मागं होता.

वळले. सरपटले. पुन्हा कातळ.

आवाज डाव्या हाताला…

उजव्या…

अन् शेजारून कुणीतरी चालत होतं. अनवाणी. अगदी जवळून. दाजी म्हणले, "दादा, पाणी दाखव रे."

पावलं थांबली.

मंग पुढं निघून गेली.

रातभर ते तसेच फिरले. सकाळी आम्ही त्यांना शोधत गेलो तर गाडी वाटेवर, बैल गाडीलाच जुंपलेले, अन् दाजी कातळावर पालथे. गुडघे सोललेले, नखं तुटलेली. पाणी त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर. मी ओंजळीनं डोळे धुतले. डोळे राह्यलेच नव्हते, पोरांनो. दोन पांढऱ्या खपल्या होत्या.

जालन्याच्या दवाखान्यात नेलं. डाक्तर म्हणला, तवाच धुतले असते तर एक तरी वाचला असता.

भुजंगराव भेटायला आल्ता. खाटेपाशी उभा राह्यला अन् म्हणला, "चुन्याला पाणी दावायचं नसतं, हे बिलकुल कळू नये का गाडीवानाला?" त्याला काई झालं न्हाई. लई वर्षं जगला, नातवंडं खेळवली अन् झोपेत गेला. उरलेल्या गोण्या काकासाहेबांच्या माडीला लागल्या. माडी अजून उभी हाय, गिलावा दुधासारखा हाय, कुठं भेग न्हाई.

जयवंताबाई मात्र एकदा आल्ती. दाजींच्या खाटेपाशी खाली बसली. म्हणली, "प्याला का तो?"

"प्याला," दाजी म्हणले.

ती उठून गेली. पुन्हा कुणाला दिसली न्हाई.

अन् एक राह्यलं. त्या सकाळी दाजींना उचलताना मी पाहिलेलं. काळ्या कातळावर पांढरी पावलं होती, गाडीपासून पाण्याकडं गेलेली. अनवाणी. दाजींच्या पायात वहाणा होत्या. चुन्याचीच पावलं, पण एका रातीत दगड झालेली. मी पहारीनं खरवडून पाहिलं, निघाली न्हाईत. पाण्याच्या एक पाऊल अलीकडं ती संपली होती.

वैशाखात पूर्णा आटली, पाणी पार खाली गेलं. मी एकटाच बघायला गेल्तो. दिवसा.

पावलं पुढं गेल्ती. उघड्या पडलेल्या कातळावरून, खाली, पाण्याच्या मागं मागं…

अन् पाण्याच्या एक पाऊल अलीकडं थांबली होती.