मनीचं स्पेलिंग

"माझं नाव चोरलंय कुणीतरी," रत्नव्वा म्हणाली. मांडीवरच्या लेकीची, भूमिकाची, झोप मोडू नये म्हणून ती रडलीसुद्धा आवाज न करता.

खासगी तपास करणाऱ्या शांभवीबाईंनी तिच्यापुढं पाणी सरकवलं. त्यांचा मदतनीस, निवृत्त हवालदार जोतीराम, कागद वाचू लागला. कंपनी नोंदणीचा नकार होता. 'तवरमनी फूड्स' मिळणार नाही. उच्चारानं तसंच नाव दोन दिवसांपूर्वी कुणीतरी राखून ठेवलंय. ते नाव खाली इंग्रजीत होतं. त्यातला 'मनी' पैशाच्या स्पेलिंगनं.

"स्पेलिंगबी गंडलंय की लेकाचं!" जोतीराम हसला. शांभवीबाई हसल्या नाहीत.

"तवरमनी म्हंजे आमच्या कानडीत माहेर," रत्नव्वा सांगत होती. "कडक भाकरी न् शेंगा चटणी आईच्या हातची शिकलेली. दुसरं नाव लावायला मन होत न्हाय."

नाव तिघांनाच ठाऊक होतं.

पहिला, दीर सोमशेखर. तो कानडीत कुणावर तरी खेकसत होता, मग यांच्याकडं वळला. "संचालक करा म्हटलं, वैनी न्हाय म्हणाली. राग हाय, व्हय! म्हणून नाव चोरू?"

जोतीरामनं मनातल्या मनात त्याला बेड्या घातल्या.

दुसरी, लेबलं छापणारी जरीना. तिनं रत्नव्वाच्या हातची इंग्रजी चिठ्ठी दाखवली. "अक्षर न् अक्षर असंच लावलं. एम-ए-एन-आय. दोन हजार लेबलं पडल्यात बघा."

तिसरे, गाळामालक हंबीरराव. "या पावणं! मी कागद वाचलाच न्हाय. चष्मा घरी राहिलता. तिनं वाचून दाखवलं, मी गाळ्याचा पत्ता कंपनीला द्यायच्या ना-हरकतीवर सही ठोकली."

"भागीदारी मागितली होती म्हणे?" शांभवीबाईंनी विचारलं.

"मागितलती. न्हाय म्हणाली. विषय संपला."

दुसऱ्या दिवशी सगळे गाळ्यातच जमले.

"हंबीररावदादा," शांभवीबाईंनी सहज विचारलं, "तवरमनीतला मनी म्हणजे काय हो?"

"पैसा की! धंद्याला लकी नाव हाय."

जोतीरामनं कान टवकारले. सोमशेखर मात्र खो खो हसत सुटला. "मनी म्हंजे घर, काका!"

"म्हणजे सोमशेखरनं पैशाचा मनी लिहिला नसता," शांभवीबाई म्हणाल्या. "जरीनाकडं तर बरोबर स्पेलिंग लिहूनच होतं. ही चूक नाव फक्त कानानं ऐकलेल्या आणि कानडी न येणाऱ्या माणसाची. चष्मा विसरलेल्या माणसाची, हंबीरराव."

हंबीरराव खाली बघू लागले. "वाटलं, नाव हातात असलं की भागीदारी द्यावीच लागंल. सोडतो उद्या."

"सोडा," रत्नव्वा म्हणाली. "मीबी तुमचा गाळा सोडला."

"अगं, नोंदणीला पत्ता लागतोय की!" जोतीराम गडबडला.

जागी झालेल्या भूमिकाला तिनं खांद्यावर घेतलं.

"आईचं लाइटबिल मागवते कागलवरनं. तवरमनीचा पत्ता दुसरा कुठला असणार?"