सरकत्या जिन्यावरची म्हातारी

ऐका. पण क्षिप्रा, मध्येच मोबाईलचा उजेड करायचा नाही. आपल्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहायचा ना सहदेव, त्याच्यावर गुदरलेली गोष्ट आहे ही. त्याच्याच तोंडून ऐकलीय मी.

कोलशेतकडे मेट्रोचं नवं स्टेशन झालंय, तिथली. पूर्वी तिथे मिठागरं होती. मग कारखाना आला, तोही बंद पडला, आणि पुढे कित्येक वर्षं आपण नुसते पत्रे आणि खांबच बघत होतो. आता बघा, काचेची लिफ्ट काय, अंधांसाठी पिवळ्या खडबडीत लाद्या काय, फलाटाला आपोआप उघडणारी दारं काय!

तेव्हा ते लोकांसाठी उघडलं नव्हतं. सहदेव आणि त्याचा मेहुणा साईनाथ तिथल्या सरकत्या जिन्यांचं काम बघायचे. मेहुण्याला यानेच कामाला लावलेलं. बायको, ऐश्वर्या, रोज बजावायची, "माझ्या भावाला सांभाळा हो."

गेल्या मार्गशीर्षातली अमावस्या. शुक्रवारची रात्र. एका जिन्याच्या साखळीला तेल द्यायचं होतं, बस्स. साईनाथ पायथ्याशी झाकण उघडून आत उतरला. सहदेव वर, किल्लीपाशी. खालून हाक आली की किल्ली फिरवायची, जिना एकदा चालवून बघायचा आणि घर गाठायचं.

खाडीवरून वारा आत शिरत होता. कुठेतरी एक पत्रा सारखा वाजत होता. सहदेवला बसवेना, उभं राहवेना. उगाच येरझाऱ्या घालत होता.

मग आवाज आला. साईनाथचा.

"झालं, दाजी. चालू करा."

सहदेवने किल्ली घातली. आणि थांबला.

वरच्या दिव्याचा उजेड जिथे संपत होता, तिथल्या पायरीवर कोणीतरी बसलं होतं. म्हातारी. हिरव्या लुगड्यातली. पाठमोरी.

"ओ आजी! आत कशा आलात? उठा, जिना चालू होतोय."

"बसूदे रं, पोरा. मी नाय उठाची."

"दाजी, चालू करा ना!" साईनाथ चिडला होता.

"अरे, म्हातारी बसलीय इथे..."

"करा चालू."

"तुला दिसत नाही का रे?"

"करा."

आवाज साईनाथचाच. पण खालून येत नव्हता...

सहदेवच्या मानेमागून येत होता.

त्याने वळून पाहिलं नाही. किल्ली सोडली. धावत सुटला, जिन्यावरून खाली.

म्हातारी नव्हती.

पुढे अंधार. उघडं झाकण. त्यातून बाहेर आलेले साईनाथचे पाय. नुसते पाय.

"साईनाथ!"

"काय, दाजी?" आतून दबलेला आवाज. "मेन स्विच चालू केला आणि पाना आत पडला. काढतोय. मी सांगेपर्यंत किल्लीला हात नका लावू."

"तू... हाक नाही दिलीस?"

"नाही."

सहदेवने त्याला पाय धरून बाहेर ओढलं. रस्त्यावर येईपर्यंत सहदेवने त्याचं मनगट सोडलं नव्हतं.

सकाळी दिवसपाळीची माणसं आली. किल्ली जागेवर होती, न फिरवलेली. जिना रात्रभर तसूभरही हलला नव्हता.

पण पायथ्याशी, जिथे पायऱ्या आत जातात, तिथल्या लोखंडी दातांत लुगड्याचा काठ अडकला होता. हिरवा. चांगला हातभर... आत ओढला गेलेला.