चंद्रा कुणामागे गेली?

"अण्णा, हॉर्न वाजवू नका. बिचकायलीय ती."

अक्षताचं हे बोलणं तिच्या वडिलांनी, अण्णासोंनी, सरळ कानाआड केलं. दिवाळी पाडव्याला कोल्हापुरात सजवलेल्या म्हशी मालकाच्या मोटारसायकलमागे पळवतात. गंगावेशीतल्या बोळात त्याचीच तालीम चालली होती. पण यंदा अण्णांच्या खाली बुलेट नव्हती. पेट्रोल पुन्हा महागलं, तेव्हा त्यांनी वैतागून ती विकली आणि बॅटरीवरची स्कूटर आणली. दुधाच्या किटल्या घेऊन गावभर फिरायला ती झकास होती. फक्त ती आवाज करत नव्हती. बुलेटच्या सायलेन्सरची पुंगळी काढली की सगळी पेठ दणाणायची, आणि त्या आवाजामागे चंद्रा म्हैस उधळायची. आता अण्णा बोळाच्या टोकाला पोचले तरी चंद्रा आपली जागच्या जागी रवंथ करत उभी!

शेजारचे हंबीरराव ओट्यावर पोट धरून हसत होते. दरवर्षी त्यांचीच म्हैस पुढे असायची. "अण्णा, म्हशीच्या गळ्यात बांधण्यापेक्षा ती घंटा स्कूटरला बांधा की!"

अक्षताचे मित्र, जिनेंद्र आणि प्रसेनजीत, हसू दाबत भिंतीला टेकून उभे होते. अण्णांचा चेहरा बघून त्यांनी तेही थांबवलं.

दुसऱ्या दिवशी मात्र कुणालाच हसू आलं नाही. अण्णांनी चंद्राला पाणी पाजायला हौदावर मोकळं सोडलं आणि स्वतः टपरीवर चहा पीत गप्पांत रंगले. चहा संपला तेव्हा हौदावर म्हैस नव्हती.

"हंबीर, तुझंच काम हे! काल हसत हुतास न्हवं? कुठं लपवलीस माझी म्हस?" अण्णांनी हंबीररावांची कॉलर धरली. सगळा बोळ गोळा झाला, पण भांडण बघायला. म्हैस कुणी शोधेना.

गोठ्यात चंद्राचं रेडकू हंबरत होतं. महिन्याचं ते पोर, जन्मतःच अशक्त. अक्षताच्या आईनं बाटली लावून पाहिली, तर ते तोंड फिरवायचं. आई हळूच म्हणाली, "संध्याकाळपर्यंत दूध पोटात गेलं न्हाय, तर ह्याचं काय खरं न्हाय, अक्षता." अक्षतानं रेडकाच्या पाठीवरून हात फिरवला. त्या रेडकाला पहिल्यांदा उभं केलं होतं ते तिनंच.

जिनेंद्र आणि प्रसेनजीतला घेऊन ती हौदापाशी धावली. प्रसेनजीत चिखलाजवळ उकिडवा बसला. "कुणी ओढून नेली असती तर पाय घासले असते. हे ठसे लांब लांब पडलेत. अक्षता, तुझी म्हैस आपल्या पायानं पळत गेलीय."

"पण कुणामागं?"

"कुणामागं म्हंजे?" घागर भरणाऱ्या चिमणाबाई म्हणाल्या. "तुझा बा गेला की मघाशी गाडीवरनं फाडफाड करत. मला दिसत न्हाय धड, पर ती गाडी वळखत न्हाय व्हय मी? रोज पहाटं झोप मोडायची माझी."

"पण अण्णांची गाडी आता आवाजच करत नाही!" प्रसेनजीत म्हणाला.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. जुनी बुलेट! चंद्रा बुलेटच्या आवाजामागे गेली होती.

"ती गाडी केर्लीच्या गणपतरावांनी घेतलीय," जिनेंद्र म्हणाला. त्यांच्या घरचं पेंड-सरकीचं दुकान, त्यामुळे आसपासच्या गावांतली माणसं त्याच्या ओळखीची. "आज गॅरेजातनं घेऊन जाणार होते, पन्हाळा रस्त्यानं."

बोळात परतून अक्षतानं अण्णांची बाही ओढली. "अण्णा, ऐका तरी. चंद्रा बुलेटच्या मागं..."

"मोठ्यांच्यात बोलायचं न्हाय!" अण्णा खेकसले आणि पुन्हा कॉलरीकडे वळले.

मग काय, आईला सांगून तिघं सायकलींवर सुटली. शिवाजी पुलावरच्या झेंडूवाल्यानं तर कौतुकच केलं. "बघितली की! काय पळत हुती म्हस! आम्ही शिट्ट्या मारल्या."

"मग थांबवली का नाही?"

"पाडव्याची तालीम चाललीया म्हटलं."

पन्हाळा रस्त्यावर जो भेटला त्यानं हेच सांगितलं. भर रस्त्यावरून एक चुकलेली म्हैस धावत होती आणि सगळं गाव तिच्यासाठी टाळ्या वाजवत होतं!

रजपूतवाडीच्या पुढे रस्त्याकडेच्या मातीतले ठसे उसात वळले. अक्षता सायकल टाकून आत घुसणार, तोच बांधावर गवत कापणारी बाई ओरडली, "ए पोरी, थांब! आत हीर हाय, कठडा न्हाय. उसात दिसत न्हाय ती."

अक्षता बांधावरच थांबली. ऊस तिच्या दुप्पट उंच होता. "चंद्रे!" तिनं जिवाच्या आकांतानं हाक मारली. रस्त्यावरून ट्रक गेला आणि हाक त्यात बुडाली. थोड्या वेळानं आत कुठेतरी एक दमलेलं हंबरणं ऐकू आलं. शेंडे हलले. आधी डावीकडे, मग आणखी आत. ती विहिरीकडे चालली होती की विहिरीपासून दूर, कळायला मार्ग नव्हता.

"तिला बाहेर बोलवायला बुलेटच पाहिजे," प्रसेनजीत म्हणाला.

बुलेट लांब नव्हती. पुढच्याच टपरीपाशी ती बंद करून लावली होती, म्हणूनच चंद्रा भरकटली होती; आणि गणपतराव चार मित्रांना तिचं कौतुक ऐकवत होते. अक्षतानं सगळं सांगितलं, हात जोडले. गणपतरावांचे कान लाल झाले. "म्हस? मी न्हाय बघितली कुठली म्हस. उगं माझ्यावर घालू नका काय." आरशात त्यांनी चंद्राला पाहिलं होतं, मजा म्हणून गाडी दामटली होती, हे त्या कानांवरूनच कळत होतं.

अक्षताला रडू फुटणार एवढ्यात जिनेंद्र शांतपणे म्हणाला, "जाऊ दे गं. तशीही ही गाडी सुरू होत नाही. अण्णांनी भंगारात घालायची ती यांच्या गळ्यात घातली."

"कोण म्हणतंय?" गणपतराव उसळले.

"सगळी गंगावेस म्हणतीय. ढकलत आणली असणार तुम्ही इथवर."

मित्र फिदीफिदी हसले. गणपतरावांनी दात-ओठ खात किक मारली. बुलेट गरजली! त्यांनी रेस वाढवली, आणखी वाढवली. आणि उसातून उत्तर आलं. मोठ्यानं, जवळून. शेंडे रस्त्याच्या दिशेनं सरसर हलू लागले.

त्याच वेळी वळणावरून उसाचे दोन ट्रेलर ओढत ट्रॅक्टर आला. त्याच्यावरची गाणी इतक्या जोरात लागली होती, की ड्रायव्हरला कुणाचं ओरडणं ऐकू जाणं शक्यच नव्हतं. चंद्रा आता थेट त्याच्यासमोर येणार होती.

"काका, बंद करा! गाडी बंद करा!" अक्षता किंचाळली. गणपतराव नुसते बघत राहिले. प्रसेनजीतनं झेप घेऊन किल्ली फिरवली.

आवाज थांबला तशी चंद्राही थांबली. तिचे पुढचे पाय डांबराच्या कडेवर होते. ट्रॅक्टर तिच्या शिंगांना वारा घालत निघून गेला. अक्षतानं धावत जाऊन तिच्या गळ्याला मिठी मारली आणि मग मात्र ती ढसाढसा रडली.

इतक्यात बॅटरीची स्कूटर चोरपावलांनी येऊन उभी राहिली. पुढे अण्णा, मागे फाटक्या कॉलरचे हंबीरराव! आईनं दोघांनाही चांगलं फैलावर घेऊन पाठवलं होतं. लाजलेले गणपतराव बुलेट पुढे काढून निघाले, मागे चंद्रा. पण शिवाजी पुलाच्या अलीकडेच बुलेट आचके देऊन बंद पडली. महाग म्हणून त्यांनी पेट्रोल थेंबभरच टाकलं होतं.

उन्हं उतरली होती. चंद्राची कास तटतटली होती. गाड्यांच्या गर्दीत ती बावरली आणि मागे वळू लागली. अण्णांनी दावं ओढलं, तर तिनं पायच रोवले.

"अण्णा, स्कूटर घ्या. हळू चालवा," अक्षता म्हणाली आणि मागच्या सीटवर उलटी, चंद्राकडे तोंड करून बसली. "चंद्रे, ये गं. ये माझी बाय. रेडकू वाट बघतंय."

स्कूटर मुकाट सरकत होती. बुलेट असती तर ही हाक कुणाला ऐकू आली असती? चंद्राचे कान हलले. एक पाऊल पडलं, मग दुसरं. दोन्ही बाजूंना सायकली धरून जिनेंद्र आणि प्रसेनजीत, सगळ्यांच्या पुढे अक्षताची सायकल धरून रस्ता मोकळा करत हंबीरराव. पूल पार झाला, तरी अक्षता बोलतच होती.

गोठ्यात रेडकू कासेला लागलं, तेव्हा कुठे आपला घसा बसल्याचं अक्षताच्या लक्षात आलं.

"पोरांनी म्हस आणली, आन आपण कॉलरी फाडत बसलो," हंबीरराव म्हणाले. त्यांनी तिघांच्याही पाठीवर थाप मारली. अक्षताच्या आईनं करंज्यांचं ताट पुढे ठेवलं आणि त्यात आधी मुलांनाच हात घालू दिला.

अण्णा चंद्राजवळ जाऊन बसले. मग म्हणाले, "इतकी वर्षं मी हिला कधी नावानं हाक मारलीच न्हाय. गाडीच हाक मारायची. अक्षता, कसं बोलवतीस गं हिला? मला शिकीव की."

त्यांनी घसा खाकरून हाक मारली. चंद्रानं ढुंकूनही पाहिलं नाही.

"अजून हळू, अण्णा," अक्षता बसक्या आवाजात म्हणाली.