उघड्या बाजूची नऊ घरटी

"फांदीखालून सरका जरा, कापतोय."

मी मान वर केली. शिडीवर उद्यानाचा माळी होता. माझ्याकडची आरसा बांधलेली काठी मी त्याच्या करवतीशेजारी नेली. "आरशात बघा. बुलबुलाची तीन अंडी आहेत. आता कापा."

त्याने बघितलं... आणि करवत कमरेला अडकवली.

उद्यानातली दाट झाडी विरळ करायची की नाही, ते माझ्या घरट्यांच्या मोजणीवर ठरणार होतं. पिल्लं बिचकू नयेत म्हणून एकदा नोंदवलेल्या घरट्याकडे मी पंधरा दिवस फिरकत नसे. पण त्या दिवसापासून माळ्याचे फोन सुरू झाले – "मॅडम, तलावाकडच्या उघड्या बाजूला एक दिसलंय."

मी धावत जायची. "आत्ताच कावळ्यांनी उधळलं हो," तो म्हणायचा. मोजणी बांधलेल्या घरट्यांची, म्हणून मी तेही तक्त्यात धरायची, आणि मग तासभर नुसत्या गप्पा. फोन आला नाही की मला घरात चैन पडेना. "पायाला भिंगरी लागलीय का गं?" आई विचारायची.

शुक्रवारी उद्यानाच्या साहेबांनी माझा तक्ता पाहिला. "दाट बाजूला आठ, उघड्या बाजूला नऊ. म्हणजे सावली गेली तरी पक्ष्यांचं काही अडत नाही. सोमवारी तोड सुरू."

नऊपैकी सात घरटी मी पाहिलीच नव्हती.

तशीच उद्यानात गेले. सातही झाडांच्या बेचक्यांत आरसा फिरवला. एक काडी नाही.

"कावळ्यांनी काड्यासुद्धा नेल्या वाटतं, माळीबुवा?"

तो पायांकडे बघत राहिला. "खरं घरटं दाखवलं की तुम्ही पंधरा दिवस गायब. मग मी... खोटी सांगत गेलो."

"आणि सोमवारी करवत कोण चालवणार?"

त्याचा चेहरा उतरला. तो माझ्याबरोबर कचेरीत आला. "सात घरटी मी रचलीत, साहेब. यांचा दोष नाही."

"आहे," मी म्हणाले. "न बघता लिहिली मी."

साहेबांनी सात ओळींवर काट मारली, तोडीचा कागद फाडला, आणि दोघांनाही यथेच्छ झापलं.

बाहेर आलो तरी तो हातातली टोपी फिरवतच होता. "आता कशाला येताय तुम्ही..."

"उद्या साडेपाचला येते."

"उद्या? उद्या बघायला काहीच नाही हो."

"माहितेय," मी म्हणाले, आणि बस दिसतही नसताना थांब्याकडे पळत सुटले.