धोंडूचा बाकी कागद

अपूर्वा जर्मनीत शिकून परळला परतली. तिला वाटलं होतं, गिरणी कामगारांच्या घरांचे अर्ज आपण महिन्याभरात मार्गी लावू. मिळालं काय, तर संघटनेच्या कचेरीतले पाच कॉम्प्युटर आणि प्रत्येकावर, आता जागेवरच नसलेल्या एका प्रिंटरचं कनेक्शन. नाव 'धोंडू'.

हसू नका पोरांनो. मुलगी माझ्या ओळखीतली. खोटं बोलायची नाही.

धोंडू परब तिथला टायपिस्ट. शेकडो वारसांचे अर्ज काढून दिले, स्वतःचा सगळ्यांत शेवटी प्रिंटला टाकला आणि खुर्चीतच गेला. त्याच्या नावाचं ते प्रिंटरचं मशीन भंगारात गेलं. अर्ज रांगेत तसाच. शिपाई आनंदामामांनी तिला बजावलं होतं, "ताई, तेवढं काढू नका. त्याचा कागद बाकी आहे."

"मामा, ही मशीनची रांग आहे, रेशनची नाही."

गेल्या वर्षीची एकोणीस नोव्हेंबर. बुधवार, अमावास्या. रात्रीचे पावणेदहा. सकाळी साडेनऊला जाईबाई या कामगाराच्या विधवेची सुनावणी. तिच्या अर्जाची चौदा पानं हातात नसली तर नवऱ्याच्या घरावरचा तिचा हक्क संपला. झेरॉक्सवाले केव्हाच बंद झालेले. आणि प्रिंट कुठूनही दिली तरी जायची धोंडूकडेच.

अपूर्वाने त्याचा अर्ज रद्द केला. पाचही कॉम्प्युटरवरून कनेक्शन काढलं, नवा प्रिंटर जोडला. पुन्हा पहिल्यापाशी आली.

धोंडू.

परत काढलं. दुसऱ्यावर धोंडू. तिसऱ्यावर...

तिने प्रिंटरची भिंतीतली वायरच उपसली.

तरी नवा प्रिंटर घरघरला. एक पान. दोन. चौदा.

जाईबाईचं नाव कुठेच नव्हतं. सगळ्या पानांवर अर्जदार एकच. धोंडू विठू परब.

"अहो, तिचं घर जाईल," ती रिकाम्या खोलीत म्हणाली.

...

मागे खुर्ची करकरली. तिने वळून पाहिलं नाही.

वायर जोडून पहाटेपर्यंत ती प्रिंट देत राहिली. दर वेळी तोच अर्ज. शेवटी टेबलावर डोकं टेकून रडली.

आठला जाईबाई दारात उभी. अपूर्वाने तेव्हाच ठरवलं, आधी धोंडूंचा अर्ज दाखल करायचा. तो त्या दिवशी दाखल करायच्या पहिल्या फाइलमध्ये लावला, मग जाईबाईची प्रिंट दिली. चौदा पानं मुकाट निघाली.

निघताना तिने धोंडूंची फाइल एकदा उघडून पाहिली. सहीची जागा रात्रभर कोरी होती.

आता तिथे सही होती. बोट लागलं... शाई ओली होती.